बाहेरून उघडणारं दार

"तिला तिथंच बसू दे. फरशी आत्ताच पुसलीय."

मैत्रिणीच्या आईनं हे म्हटलं तेव्हा मी त्यांच्या बंगल्याच्या न्हाणीघरात उभी होते. नवा फ्रॉक घालून. हातात रंगीत खडूंची पेटी, वाढदिवसाची भेट. पलीकडे हॉलमध्ये फुगे लावलेले दिसत होते.

चूक माझीच झाली होती, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

भोपाळच्या ज्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो, तिथं शाळा एकच. साहेबांची मुलं आणि सफाईवाल्यांची मुलं एका बाकावर. त्यामुळे मैत्रीण झाली. तिनं घरी बोलावलं. घर मला माहीत होतं. आई रोज तिथं संडास धुवायला जायची आणि मी लहानपणापासून तिच्या मागं जायची. मागच्या गल्लीतून. बंगल्यांच्या न्हाणीघराला बाहेरून एक वेगळं दार असायचं. सफाईवालीनं तिथून यायचं, धुवायचं, तिथूनच जायचं. घरात पाऊल पडायला नको म्हणून. मला त्या घराचं तेवढंच दार ठाऊक होतं. म्हणून मी तिथूनच गेले. कडी वाजवली आणि म्हणाले, "मी आले."

पोरं हसली. मैत्रीणही हसली. तिची आई पुण्याची, बोलणं मऊ. रागावली नाही ती. कागदी बशीत केक आणून न्हाणीघराच्या आतल्या उंबऱ्यावर ठेवला. खडूंची पेटी मात्र आत नेली. मी ब्रशच्या आणि फिनाईलच्या बाटलीच्या शेजारी बसून केक खाल्ला. सगळा खाल्ला. याची मला आजही चीड येते.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "केक भेटला न? मंग झालं."

पुढं मी आर्किटेक्चरला गेले. कशी गेले ते आईच्या हातांना विचारावं. एकदा वर्गात सरांनी जुन्या सरकारी बंगल्यांचे नकाशे पसरले. त्यातल्या एकात मला ते दार दिसलं. भिंतीत छोटी फट आणि पाव वर्तुळ, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारं. बाहेरच्या बाजूला. मी बघतच राहिले. तोवर मला वाटायचं, ते दार आमच्या नशिबासारखं आपोआप तिथं आलेलं आहे. नाही. कुणीतरी टेबलाशी बसून, पेन्सिलीला टोक काढून, ते काढलं होतं. चहा पीत काढलं असेल. भिंत बांधायच्या आधी माझी जागा ठरवून झाली होती.

त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं नुसतं तापलं होतं.

भोपाळातच अरेरा कॉलोनीत ऑफिस थाटलं तेव्हा मी माझे नियम केले. नकाशा काढायला बसले की पहिली रेघ घर झाडणाऱ्या बाईची. ती कुठून येईल, चप्पल कुठं काढेल, पाणी कुठं पिईल, तिला लघवीला जायचं असेल तर कुठं जाईल. मग मालकाची बेडरूम. ऑफिसातही तेच. कप ज्याचा त्यानं धुवायचा. संडास पाळीपाळीनं, सोमवार माझा. एक नवा आर्किटेक्ट पाळी आली त्याच दिवशी नोकरी सोडून गेला. लोक मला विक्षिप्त म्हणायचे. काम मात्र चांगलं करते म्हणायचे.

मग कामं आटली. ठेकेदारच नकाशा देऊ लागले, मला कोण विचारतं? एकेक माणूस गेला. शेवटी नकाशे उतरवणारे ड्राफ्ट्समन इक्बालभाई आणि मी, दोघंच उरलो. रात्री झोप लागेना, दिवसा फोन वाजेना. आई म्हातारी झालेली, तिचं डायलिसिस सुरू झालेलं. दर खेपेला तिला हॉस्पिटलात नेताना मी पर्समधले पैसे दोनदा मोजायची.

अशात अवधपुरीचं काम आलं. आमच्याच त्या कारखान्याच्या निवृत्त अधिकाऱ्यांची सोसायटी, मोठी इमारत. हे मिळालं तर ऑफिस तरणार होतं आणि आईही. अध्यक्ष मराठी. पहिल्या भेटीत म्हणाले, "आपली मराठी मुलगी आहे म्हटल्यावर दुसरीकडे जायचं कारणच नाही." मग आडनाव पुन्हा विचारलं. मूळ गाव विचारलं. मी नागपूर म्हटलं. त्यांचं काही समाधान झालं नाही.

नकाशे त्यांना आवडले. फक्त एक बदल हवा होता. इमारतीच्या मागून लोखंडी जिना आणि प्रत्येक फ्लॅटच्या न्हाणीघराला बाहेरून एक दार.

मी मुदत मागून घेतली. इक्बालभाई म्हणाले, "मैडम, एक दरवाज़ा ही तो है. डाल देते हैं." त्यांच्याही घरी तीन पोरी होत्या. त्यांचं काय चुकलं?

घरी आईला सांगितलं. वाटलं होतं, ती तरी नको म्हणेल. ती खाटेवर उठून बसली. "मी त्याच दारातून येऊन-जाऊन तुले शिकवलं. आता त्या दारापायी आपलं पोट मारतं का वं? काढून दे."

मी पेन्सिल घेऊन बसले. खरं सांगते, बसले. रेघ काही ओढवेना.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक. अध्यक्ष खुशीत होते. सगळ्यांना समजावून सांगत होते, "आपल्या जुन्या बंगल्यात होतं ना, अगदी तसंच दार. बाई घरातून फिरत नाही. फार सोयीचं."

मी म्हणाले, "ते दार मला माहीत आहे. मी त्या वसाहतीतच वाढले."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मग आधी सांगायचं! वडील कुठल्या डिपार्टमेंटला होते?"

"वडील नव्हते. आई बंगल्यांचे संडास धुवायची. मी तिच्यासोबत त्या दारानं यायची."

मला वाटलं, आता तरी यांची मान खाली जाईल. अध्यक्षांनी चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्हाला तर चांगलंच ठाऊक असणार, दार नेमकं कुठं सोयीचं पडतं ते."

एक जण हसला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं कौतुक करताहेत.

मी जणू पुन्हा फ्रॉक घालून त्या उंबऱ्याशी बसले होते. आईचा सुजलेला चेहरा डोळ्यांसमोर आला. तरी उठले. नकाशे गुंडाळले.

"हे दार मी काढणार नाही," मी म्हणाले. "आणि माझ्या नकाशावर दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही."

पाठीमागून आवाज आला, "इतना क्या है इसमें?" मी मागं वळून पाहिलं नाही.

काम गेलं. ऑफिस गेलं. इक्बालभाई दुसरीकडे लागले, जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आई त्यानंतर माझ्याशी फारसं बोलली नाही आणि पुढं बोलण्यासाठी राहिलीही नाही. दार काढलं असतं तर ती अजून काही दिवस जगली असती का, हा प्रश्न मला खातो.

इमारत उभी राहिली. कुणीतरी नकाशात ते दार काढून दिलंच. भाजी आणायला जाते तेव्हा दिसतं, साडीचा ओचा सावरत, बादली घेऊन बाया तो लोखंडी जिना चढत असतात. त्यांच्यामागं कधी एखादी पोर असते.

आता मी घरातल्या टेबलावर काम करते. येणारं माणूस आलं की पाणी देते आणि नकाशाच्या आधी एवढंच सांगते: घराला येण्याजाण्याचं दार एकच. तुम्ही त्यातून याल, तुमचा संडास धुणारीही त्यातूनच येईल. पटत नसेल तर उठा.

पुष्कळ जण उठतात. उठू देत.