किल्ली कोणाकडे ठेवता?

माझी मुलगी कॉलेजात काय शिकली हे सांगताना माझ्या तोंडाला अजून फेस येतो. डॉक्टर म्हटलं की विषय संपतो. वकील म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात. आमचं रत्न शिकलं ‘गृहनिर्माण आणि निवास’. नणंदेने विचारलं, “म्हणजे इंजिनियर का?” नाही. “मग आर्किटेक्ट?” तेही नाही. “मग घरं विकणार?” तसंही नाही हो! मग करते काय, तर लोक घरात कसे राहतात याचा अभ्यास करते. नणंद हसून जमिनीवर लोळायचीच बाकी राहिली. म्हणाली, “वहिनी, राहायला काय शिकायचंय? दार उघडायचं, आत जायचं, दार लावायचं!” मला असा संताप आला! पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी कपडे अल्टर करून देते. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा ब्लाउज उसवायचा. त्यावर घर चाललं आणि तिचं कॉलेजही झालं. माझं मागणं एकच होतं, पोरीला पर्मनंट नोकरी लागावी. मग मी मशीनवर झाकण घालून दुपारी झोपणार होते.

पहिली नोकरी लागली एका बिल्डरकडे. सॅम्पल फ्लॅट दाखवायचा, गोड बोलायचं, संपलं काम. ही बया काय करायची, तर गिऱ्हाइकाला म्हणायची, “जरा पलंगावर आडवे व्हा ना.” माणूस आडवा झाला की पाय पलंगाबाहेर! मग समजावून सांगायची, “खोली मोठी दिसावी म्हणून सॅम्पलमधला पलंग मुद्दाम छोटा बनवतात. तुमचा घरचा पलंग आणलात तर कपाटाचं दार उघडणार नाही.” झालं. बिल्डरने हातात नारळ दिला.

“मी खोटं बोलले का, आई?”

“खरं बोल म्हणून तुला सांगितलं होतं कुणी?” मी म्हटलं. त्या दिवशी मी रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड केला.

मग सरकारी गृहनिर्माण कार्यालयात काम मिळालं, पण कंत्राटी. एका बंद कारखान्याची जुनी बैठी घरं पाडायची होती आणि तिथल्या कुटुंबांना शेजारीच बांधलेल्या उंच इमारतीत हलवायचं होतं. साहेबांनी शब्द दिला होता, हे काम बिनबोभाट पार पडलं तर तुला पर्मनंट करू. बिनबोभाट! आणि तेही हिच्या हातून!

तिला घरोघरी जाऊन विचारायचं होतं, माणसं किती, म्हातारी किती, शाळेत जाणारी किती. हिने आपल्या मनाने आणखी एक प्रश्न घुसडला. बाहेर जाताना किल्ली कोणाकडे ठेवता? आणि त्याचा सराव माझ्यावर केला.

“सांग ना आई, तू कोणाकडे ठेवतेस?”

“तुझ्याकडे.”

“आणि मी नसले तर?”

“तर पर्समध्ये. त्या समोरच्या बाईकडे ठेवू होय?” समोरच्या बाईंचं आणि माझं चपलांच्या रॅकवरून वाजलेलं होतं. त्यांचा रॅक रोज थोडा थोडा आमच्या दाराकडे सरकतो. त्या म्हणतात, सरकत नाही. मग काय रॅकला पाय फुटलेत? तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. मुलीने नुसतं “बरं” म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं तो मला अजिबात आवडला नाही.

पुढे तिने माझा बटणांचा डबा जेवणाच्या टेबलावर ओतला. एक बटण म्हणजे एक घर. ज्या घराची किल्ली ज्या घरात, त्या दोन बटणांमध्ये माझा दोरा. आठवडाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. मी ओरडले, आदळआपट केली, पण एका बटणाला हात लावायची सोय नव्हती. त्यातलं एक मोठं, कोटाचं बटण दोऱ्यांनी पार गुरफटून गेलं होतं.

“हे कोण गं?”

“इस्त्रीवाल्याची बायको. तिला चालता येत नाही, त्यामुळे ती कायम घरात असते. म्हणून अर्ध्या वस्तीच्या किल्ल्या तिच्याकडे. पोरं शाळेतून तिच्याकडे येतात, पाणी पितात, किल्ली घेतात. तिला काही हवं असेल तर तीच पोरं आणून देतात. आई, हिला या लोकांपासून लांब टाकलं तर ती संपेल.”

मी म्हटलं, “ते साहेब बघतील. तू तुझी नोकरी बघ.”

साहेबांनी बघितलं होतं. चालता न येणाऱ्यांना तळमजल्यावर, मागच्या बाजूला, उताराच्या रस्त्याजवळ. बाकी सगळ्यांची सोडत. ज्याच्या नशिबात जे घर येईल ते, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नाही. मुलगी म्हणाली, “सोडत काढा, पण एकेका घराची नको. एकमेकांकडे किल्ल्या ठेवणाऱ्यांचे गट करू आणि गटांची सोडत काढू. इस्त्रीवाल्यांचा सगळा गट तळमजल्यावर द्या.” साहेब म्हणाले, “तुला पर्मनंट व्हायचंय की नाही?” हे तिने मला घरी येऊन सांगितलं, वर म्हणाली, “मी परत सांगणार आहे.” मी कपाळावर हात मारून घेतला.

सोडतीच्या दिवशी ती जेवणाचा डबा विसरली. डबा द्यायला म्हणून मी गेले आणि तिथला गोंधळ बघून दारातच थबकले. चिठ्ठ्या काढून झाल्या होत्या आणि अंगणात नुसता बाजार भरला होता. “मला सातवा मजला आलाय, कुणाकडे दुसरा आहे का?” “अहो, आमच्या आजींना तुमच्या शेजारी द्या ना!” एकाने चिठ्ठी बदलली की तिसराच अडकायचा. एक बाप्या रडत होता. साहेबांच्या टेबलाला सगळ्यांनी गराडा घातला होता.

बाजूला चाकाच्या खुर्चीत एक बाई शांत बसली होती. मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तो हलला की आत किल्ल्या खुळखुळायच्या. ज्याची त्याची किल्ली ती ज्याला त्याला परत देत होती. मी उगाच म्हटलं, “चला, तुमच्या डोक्याचा ताप गेला.” तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “ताप कसला हो? आता माझ्या दारात कोण येणार?” मी जेवणाचा डबा घेऊन तशीच मुलीकडे गेले आणि मीच तिला म्हटलं, “जा, सांग परत त्या माणसाला! बघतेस काय?”

ती गेली. साहेब घामाघूम झाले होते. म्हणाले, “तूच निस्तर आता!” तिने निस्तरलं. सगळ्यांच्या संमतीने ती सोडत रद्द झाली, पुढच्या आठवड्यात गटांची निघाली, आणि कुणी तक्रारीचा चकार शब्दही काढला नाही. इस्त्रीवाल्याची बायको सगळ्या गटासकट तळमजल्यावर पुढच्या बाजूला गेली. तिचा किल्ल्यांचा डबा पुन्हा भरला.

आणि नोकरी? लागली की, पर्मनंट! वरच्या कार्यालयाने खूश होऊन दिली. फक्त कुठे, तर रात्रभराच्या प्रवासावर, दुसऱ्या शहरात. तिथेही अशीच एक वस्ती हलवायची आहे. इतकी वर्षं मी जे मागत होते ते असं पदरात पडलं. मी चिडले, भांडले, तिची बॅग भरताना साड्या कोंबल्या, परत काढल्या, घड्या घातल्या. निघताना तिने स्वतःकडची घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“कोणाकडे ठेवशील, आई?”

“तू जा, गाडी चुकेल,” मी म्हटलं.

ती गेल्यावर मी दुपारी आडवी झाले. मशीन बंद होतं, घर शांत होतं, आणि झोपेचा पत्ता नव्हता. मूठ उघडून पाहिली तर किल्लीचा वळ उमटला होता. मी उठले, रॅकला वळसा घालून समोरची बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि आधी रॅककडे बघितलं.

“सरकवला नाही हं मी,” त्या म्हणाल्या.

“रॅकचं नाही. ही ठेवाल का? पोरगी गेली. उद्या मी आत पडले-बिडले तर...” मी किल्ली पुढे केली.

त्यांनी किल्ली घेतली. आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता दार लावून घेणार. पण त्या परत आल्या आणि दुसरीच एक किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“ही आमची. मी बाहेर पडले की गॅस बंद केलाय का बघत जा. मला आठवतच नाही हल्ली.”