बसायला शिकवणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई वैती पहिल्यांदा आमच्या दारात आल्या, तेव्हा मी घाबरलो. गिरण्यांच्या संपाचे दिवस होते. त्या दिवसांत दारात कोणी उभे राहिले की उधारी मागायलाच आले असे मला वाटायचे. पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, साडीचा पदर कमरेला खोचलेला. लालबागच्या आमच्या चाळीत अशी बाई कोणी पाहिली नव्हती. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारले, "सुनंदाचे वडील तुम्हीच ना? तुमची मुलगी मला कबड्डीला हवी."

सुनंदा तेव्हा आठवीत होती. ताई तिच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मी म्हणालो, "बाई, गुडघा फुटला तर? हात मोडला तर? उद्या लग्नाच्या वेळी..."

"आणि घरात बसून नुसतं तुमचं तोंड बघत राहिली तर काय मोडेल, त्याचा विचार केलात?"

माझी बायको आतून ओरडली, "आधी त्यांका आत तरी बोलवा. दारातच काय मोडाक-फुटाक लागलात!"

ताई हसत आत आल्या, चहा प्यायल्या आणि सुनंदाला संध्याकाळी मैदानावर पाठवायचे माझ्याच तोंडून वदवून गेल्या. आज त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात लिहा असे आमच्या क्रीडामंडळाने सांगितले, तेव्हाही मी घाबरलोच. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि तरुणपण गेले गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या आवाजात. ताईंच्या डावपेचांवर लिहिणारे जाणकार या ग्रंथात पुष्कळ आहेत. पण मी जिथे बसून हे सगळे पाहिले, त्या जागेवर त्यांच्यातले कोणी बसलेले नव्हते. म्हणून लिहितो.

ती जागा म्हणजे बाद झालेल्या खेळाडूंची चौकट. कबड्डीत बाद झालेला खेळाडू कायमचा जात नाही. तो मैदानाच्या कडेला त्या चौकटीत जाऊन बसतो. आपल्या संघाने समोरची एक खेळाडू बाद केली की आपली एक उठून आत येते; जी आधी बाद झाली ती आधी. हा नियम सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण त्या चौकटीत बसायचे कसे, हे शिकवणाऱ्या कुंदाताईच मला ठाऊक आहेत.

सुनंदाच्या पायांना विलक्षण वेग होता. पहिल्या काही महिन्यांतच ताई तिला चढाईला पाठवू लागल्या. पण संप लांबत चालला होता. मी दिवसभर खोलीत पडून आढ्याकडे बघायचो. खाली पोरे भांडली की एकमेकांना म्हणायची, "तुझा बाप बाद झालाय!" ते ऐकून सुनंदा तडक वर निघून यायची.

मग भोईवाड्याचा तो सामना झाला. पहिल्याच चढाईत सुनंदाची पकड झाली. ती उठली, चौकटीकडे न जाता गर्दीतून वाट काढत थेट घरी निघून आली, तीही अनवाणी. इकडे आमच्या पोरींनी एक पकड केली. आत यायची पाळी सुनंदाची, आणि चौकट रिकामी! संघ एका खेळाडूने कमी पडला तो पडलाच. सगळ्या बाद होऊन लोण चढला आणि सामना गेला.

घरी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "मी आता खेळणार नाही. बाद झालं की सगळे माझ्याकडेच बघतात."

त्याच संध्याकाळी ताई आल्या. आता आरडाओरडा होऊन चाळ गोळा होणार, असे मला वाटले. पण त्यांनी आधी मलाच गॅलरीत बोलावले. "सावंतभाऊ, ही पोरगी खेळत नाही, घर ओढते. तुमची काळजी तिच्या पायांत उतरलीय. चढाईला जाताना तिला वाटतं, आपण पडलो की बाबा पडले."

"मग मी काय करू, ताई? काळजी काय मी हौसेनं करतो?"

"करू नका असं कुठं म्हणते? तुमचा स्वभावच तो, माझ्या सांगण्यानं थोडाच जाणार! पण पडून करू नका. बसून करा. पाठ ताठ ठेवून."

मग आत जाऊन त्या सुनंदाजवळ बसल्या. "बाद झालीस त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. बाद सगळेच होतात. पण तू जागा सोडलीस. बसायचं कसं ते मी तुला शिकवलंच नव्हतं, ती चूक माझी. उद्या ये. शिकवते."

चूक झाली पोरीची, पत्करली ताईंनी. संपाच्या त्या काळात सगळेच एकमेकांवर चुका ढकलत होते, त्यामुळे ते बोलणे मला नवीन होते. सुनंदालाही असावे. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आणि मैदानावर सुरू झाली बसायची तालीम! पोरींना रांगेत बसवायचे, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर खेळावर. मध्येच ताई मागून विचारायच्या, "उजव्या कोपऱ्यातलीचा कुठला पाय पुढे आहे? दम कोणाला लागलाय? भ्यालीय कोण?" जिला सांगता यायचे नाही, तिला पुन्हा बसवायचे. हे कुठे शिकलात, असे मी एकदा विचारले. ताई म्हणाल्या, "आमच्या आईकडे. ती बाजारात पाटी घेऊन बसते. गिऱ्हाईक नसलं तरी पाठ टेकत नाही. म्हणते, बाय, कोळीण वाकली की मासळी शिळी दिसते. बसल्या बसल्या तिला अख्खा बाजार कळतो. कोण घेणार, कोण नुसताच भाव विचारणार, सगळं."

आमच्या चाळीतले बंडू परब तोंडाळ गृहस्थ. तेही संपावर होते. मैदानाच्या कठड्यावरून ओरडले, "वैतीबाई, बसायला काय शिकवताय? अख्खं गिरणगाव बसलंय! आम्ही फुकट शिकवू!"

ताईंनी मान वळवली नाही. "तुम्ही बसला नाहीत परब, आडवे झालात. फरक बघायचा असेल तर या इकडे, रांगेत."

मैदान हसले. परबही हसले आणि दुसऱ्या दिवशी खरेच आले. ताईंनी त्यांना पोरींना पाणी देण्याच्या कामाला लावले. मला दिले मैदानावर पांढऱ्या फक्कीने रेषा मारण्याचे काम. म्हणाल्या, "हे सावंतभाऊंनीच करावं. रेषा वाकडी जाईल या भीतीनंच सरळ मारतील." माझ्या घाबरट स्वभावाचा कोणाला काही उपयोग होईल, असे मला जन्मात वाटले नव्हते.

आईवडिलांसाठीही ताईंचा एक नियम होता. समोरच्या बाजूला उभे राहून ओरडायचे नाही. पोरींच्या चौकटीच्या मागे बसायचे आणि तोंड बंद ठेवायचे. "बाद झालेल्या पोरीला बापाचा चेहरा दिसता कामा नये. तिनं खेळ बघायचा, तुम्ही तिची पाठ बघा." पुष्कळ पालक यावरून ताईंशी भांडले. ताईंनी नियम सोडला नाही. आज मुलांच्या मनाविषयी मोठमोठी भाषणे होतात, माझी नात मला ती मोबाईलवर ऐकवते. ऐकताना मला ती चौकट आणि तिच्यामागे गप्प बसलेले आम्ही बाप आठवतो.

ताईंच्या जिव्हाळ्याचे एकच उदाहरण देतो. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून विद्या नावाची एक मुलगी यायची. वडील कारकून. मुलगी बोलताना अडखळायची. चढाईला गेली की 'कबड्डी' हा शब्दच तुटायचा आणि पोरी तोंड दाबून हसायच्या. वडील येऊन म्हणाले, "बाई, हिला काढून टाका. चारचौघांत शोभा होते." ताईंनी त्यांच्यासमोरच विद्याला डाव्या कोपऱ्यात उभे केले आणि पायाची पकड शिकवायला घेतली. म्हणाल्या, "पकडीला बोलावं लागत नाही. जे काय बोलायचं ते हातांनी बोल." मग हसणाऱ्या पोरींना एकेक करून विद्याच्या अंगावर चढाईला पाठवले. संध्याकाळ होईपर्यंत हसणारी एकही उरली नव्हती. सगळ्यांचे घोटे दुखत होते.

पुढच्या वर्षी आमचा संघ दादरला अंतिम सामन्यात पोचला. सामन्याच्या आदल्या दिवशी सुनंदा मला म्हणाली, "बाबा, मी परत उठून आले तर?" मला त्या रात्री जेवण गेले नाही. तिच्यापेक्षा मलाच जास्त भीती वाटत होती, की ही पुन्हा पळाली तर आता मैदानावरच काय, कुठेच उभी राहणार नाही.

सामना संपत आला होता. आम्ही एका गुणाने मागे. आत आमच्या दोघीच उरल्या, त्यातली एक विद्या. बाकीच्या चौकटीत, आणि रांगेत सर्वांत पुढे सुनंदा. तिच्या बरोब्बर मागे मी. लोक ओरडत होते, "लोण! लोण!" मी तिची पाठ बघत होतो. ती वाकते का, उठते का, एवढेच बघत होतो. परबांनी माझा दंड धरला होता. मला वाटते, स्वतःला सावरायलाच.

सुनंदाची पाठ ताठ होती. मान मात्र हळूहळू फिरत होती. ती समोरच्या संघाकडे बघत होती.

त्यांची सर्वांत दांडगी चढाईवाली आमच्या दोघींवर आली. डाव्या कोपऱ्यातून विद्या वाकली आणि तिने त्या चढाईवालीचा घोटा धरला. त्या मुलीने तिला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेले, पण हात सुटले नाहीत. दुसरीने वरून झेप घातली. पंचांचा हात वर गेला. बरोबरी! आणि हात खाली यायच्या आत सुनंदा चौकटीतून उठून मैदानात होती.

पुढची चढाई तिचीच. ती सरळ आत गेली, एक फेरी मारली आणि परत वळली. वळली असे सगळ्यांना वाटले. त्यांच्या उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने सुटकेचा निःश्वास टाकून एक पाऊल पुढे घेतले, आणि तेवढ्यात सुनंदाने मागचा पाय फेकला. अंगठा त्या मुलीच्या गुडघ्याला लागला. सुनंदा झेप घेऊन मध्यरेषेवर! शेवटची शिट्टी झाली. एका गुणाने आम्ही जिंकलो.

नंतर तिने सांगितले, "बाबा, चढाईवाली वळली की ती कोपऱ्यातली दर वेळी पाऊल पुढे टाकते. बसल्या बसल्या दिसलं मला."

मैदानात एकच दंगा उसळला. लोकांनी सुनंदाला आणि विद्याला खांद्यावर घेतले. ताई मात्र आधी चौकटीकडे गेल्या. आत यायची पाळी न आलेल्या पोरी अजून तशाच, पाठ ताठ करून बसल्या होत्या. ताईंनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उठा आता. जिंकलो आपण." परब मैदानाच्या कठड्यावर चढून ओरडले, "अरे, गिरणगाव आडवं नाही झालं रे! रांगेत बसलंय!" त्या संध्याकाळी दादरपासून लालबागपर्यंत आम्ही नाचत आलो. खिशात काही नव्हते, पण छाती मावत नव्हती.

गिरणीने मला परत बोलावले नाही. ताई म्हणायच्या, "सावंतभाऊ, तुम्हीही रांगेतच आहात." परळच्या एका शाळेत शिपायाची जागा निघाली, तेव्हा मुलाखतीला बाकावर बसलो होतो. बाकीचे पेंगत होते. मी पाठ ताठ ठेवली, आणि माझा नंबर लागला. निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत होतो. सुनंदा पुढे राज्याकडून खेळली, आता मुलींना शिकवते. विद्या बँकेत अधिकारी झाली, चांगली भाषणे करते. अडखळते अजून, पण थांबत नाही.

गेल्या वर्षी ताईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मी नेहमीप्रमाणे भलतेसलते विचार करत इस्पितळात पोचलो. बघतो तर बाहेरच्या बाकांवर त्यांच्या सगळ्या पोरी एका रांगेत बसलेल्या. कोणाचे केस पिकलेले, कोणी आजी झालेली. टेकून बसलेली एकही नव्हती. नर्सने विचारले, "तुम्ही कोण त्यांच्या?" विद्या म्हणाली, "आम्ही... आम्ही त्यांच्या चौकटीतल्या."

शुद्धीवर आल्यावर ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "बाहेर कोणी वाकून तर नाही ना बसलंय?"

ताई, त्याच गुडघ्यावर तुम्ही पुन्हा मैदानात उतरलात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. तुम्हाला निरोगी, शिट्टी घुमवणारे उदंड आयुष्य लाभो. तुमची शंभरी होईल तेव्हा मी असेन की नाही, याची काळजी मला आत्तापासूनच लागली आहे. पण ती मी बसून करतो आहे, पाठ ताठ ठेवून. उद्या सकाळी मैदानावर फक्की मारायची आहे.