गेरूखालची भेग

ठाण्याच्या कोर्टाजवळ वकिलांच्या खोल्यांची एक बैठी, लाल विटांची इमारत होती. पुढे विटांचीच उंच कमान आणि कमानीवर एक खोली. त्या खोलीत विश्राम पहारेकरी आणि त्याची बायको हौसाबाई राहत. वर जायचा जिना कमानीच्या डाव्या खांबाच्या पोटातून काढलेला, इतका अरुंद की सामान घेऊन चढणाऱ्याला अंग आडवे करावे लागे.

विश्रामला कमानीचा फार अभिमान. दर दिवाळीच्या सुट्टीत, कोर्ट उघडण्यापूर्वी, तो विटांना गेरू लावी आणि सांध्यांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढी. कुठे भेग दिसली की विटेचा चुरा नि चुना कालवून भरी, वर गेरूचा हात. सणाला घर सारवावे तसे. कमानीच्या उजव्या अंगाला आमच्या यांची वकिलीची खोली. "विश्राम, कमान नवरीसारखी दिसते रे," असे हेही कौतुकाने म्हणत.

१९५३ च्या मार्गशीर्षात त्याची मुलगी गोदा पहिल्या बाळंतपणाला तिथे आली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी दुपारी मी यांचा डबा घेऊन गेले, तर कमानीसमोर माणसे माना वर करून उभी. विटांचा एक ट्रक वळताना डाव्या खांबाला घासला होता. धक्का मोठा नव्हता, पण गेरूचा पापुद्रा गळून पडला आणि हात जाईल एवढी भेग उघडी पडली, खांबापासून थेट वरच्या खिडकीपर्यंत. आतून चुना भुरुभुरु गळत होता.

"मीच बुजवली साहेब, दर साल," विश्राम यांना म्हणाला. "ती आतनं वाढत होती, नि मी तिला रंग लावत होतो."

"ते नंतर. आधी पोरीला खाली आण."

हौसाबाईने खिडकीतून ऐकले. "उद्या पाचवी हाय! पाचवी पुजल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडायची नाय. सटवाई कपाळ लिहायला येईल, तिला काय ट्रकवाल्याकडं धाडू?"

"अगं, लिहायला कपाळ तर राहू दे!" विश्राम खालून म्हणाला.

"नि नेणार कुठं? सुवेरातली बाई कुठला वकील आत घेतोय?"

एका वकिलांनी घड्याळ पाहिले. यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "आपली खोली उघड."

मी दार उघडले, तरी हौसाबाई हलेना. तेवढ्यात कमानीतून एक वीट सुटून फरशीवर फुटली. विश्राम धावतच जिन्यात शिरला. बराच वेळ आतून दगड घासल्याचा आवाज येत राहिला. मग तो पाचवीच्या पूजेचा पाटा खांद्यावर घेऊन बाहेर आला आणि यांच्या कायद्याच्या पुस्तकांपाशी ठेवून ओरडला, "पाटा हितं हाय! आता सटवाई वर येऊन काय करील?"

"मेल्या, माझा पाटा!" म्हणत हौसाबाई बाळाला छातीशी धरून उतरली. मागून गोदा येईना. घेरी येऊन ती जिन्यातच बसली होती. विश्राम पुन्हा आत गेला. आम्ही भेगेकडे पाहत होतो. शेवटी तिला पाठुंगळी घेऊन तो आडवा सरकत बाहेर आला.

दिवस मावळायच्या आत खांब बसला आणि खोलीसकट कमान रस्त्यावर आली.

पाचवी यांच्या खोलीतच झाली. कमानीच्या जागी पुढे लोखंडी फाटक आले. जुन्यातला उजवा खांब तेवढा राहिला. पुढच्या दिवाळीत कोणीतरी विश्रामपुढे गेरूची बादली ठेवली. त्याने ती पायाने बाजूला सारली.

"नको. भेग पडली तर दिसू दे."