चावदिसाची तोंडीलावणी

थोरल्या जावेवर मी डूख धरला तो आंबाड्याच्या रायत्यावरून. लोक जमिनीवरून धरतात, दागिन्यांवरून धरतात. मी रायत्यावरून धरला आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही.

लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. नरकचतुर्दशीला आमच्याकडे चावदिस म्हणतात. पहाटे अंघोळ करून तुळशीपुढे कारीट नावाचं कडू फळ पायाच्या अंगठ्याने फोडायचं, आणि मग नव्या भाताचे पोहे. गुळाचे, तिखट, दह्यातले, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. आपल्याच घरी खाऊन भागत नाही. वाडीतला प्रत्येक जण प्रत्येकाच्या घरी जातो, आणि न खाता उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. पोहे काय, सगळीकडे सारखेच. बाईची परीक्षा होते ती तोंडीलावण्यांत.

मी वेंगुर्ल्याची. आमच्यात त्या दिवशी आंबाड्याचं रायतं लागतंच. आंबाड्याची आंबट फळं, गूळ, खोबरं, मोहरी, एवढं कुणालाही खाऊन कळतं. बाकीचं मी सांगत नाही. सगळ्यांच्या आधी उठून केलं. माणसं पडवीत पानांवर बसली, मी वाढायला वाकले, आणि जावेने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"ह्यां असलां आमच्यात कोण खाणा नाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुझ्या म्हायेराक वाढ."

कुणीतरी हसलं. माझा नवरा खाली मान घालून पोहे चिवडत राहिला. रायतं गेलं परसात, केळीच्या मुळाशी. तेव्हापासून सणाला मला खोबरं खवणं आणि पाट्यावर वाटप वाटणं एवढंच काम. डाव तिच्या हातात. माणसं जेवून उठताना तिला सांगायची, वयनी, तुझ्या हाताक चव आसा. वाटून वाटून मनगट माझं दुखायचं आणि चव तिच्या हाताला.

मला उट्टं काढायचं होतं. त्याच वाडीने, त्याच सणाला, माझ्या हातचं बोटं चाटून खावं आणि ते तिने बघावं. वर्षानुवर्षं वाटप वाटताना मी दुसरं काही मागितलं नाही देवाकडे.

पुढे भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत आली. तुळस, विहीर आणि माडांची बाजू जावेने हट्टाने घेतली. रस्त्याकडची, मालवणला जाणाऱ्या गाड्यांची धूळ खाणारी बाजू आमच्या गळ्यात मारली. नवरा कुरकुरला. मी म्हटलं, गप्प बसा आणि हो म्हणा. कारण चावदिसाला माणसं रस्त्यावरून वर चढतात, आणि आता पहिलं दार माझं होतं. वाडी आधी थोरलीकडेच येणार याची तिला इतकी सवय झाली होती, की हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवाळीला मी तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली आणि तिच्यासमोर कारीट फोडलं. फोडताना मनात कोण होतं ते सांगायला नको. मग चुलीपाशी बसले. पोहे मोजकेच केले. काळ्या वाटाण्याची उसळ केलीच नाही. ती जावेची खासियत, तिची तिला लखलाभ. सुरणाची कापं रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केली. शिराळ्याच्या, म्हणजे दोडक्याच्या, साली तिळाबरोबर भाजून चटणी केली. तांबड्या भोपळ्याचं दह्यातलं भरीत. काजूगर आणि रताळी नारळाच्या रसात शिजवली, असं काही वाडीत कुणी खाल्लं नव्हतं. केळफुलाची कटलेटं मोबाईलवर बघून केली, पहिली दोन फुटली, ती नवऱ्याने खाल्ली. आणि रायतं, पातेलंभर.

माणसं आली. पोहे मूठभर आणि बाकी सगळं पान भरून, असं वाढलं. नको म्हणणाऱ्याच्या पानात जास्तच टाकलं. म्हातारे रायत्यासाठी पुन्हा पुन्हा पान पुढे करत होते. एक बाई म्हणाली, "खंय लपवन ठेवलं हुतं गो ह्यां?" मी म्हटलं, "मी खंय लपवतंय." आणि भिंतीकडे बघितलं.

माझ्याकडून उठलेली माणसं पलीकडे गेली की मी भिंतीला कान लावायची. "वायच घाल, वयनी. पोटात जागा नाय." दर वेळी तेच. चमचाभर पोहे, चार वाटाणे, आणि चला. काळजाला इतकं गार वाटलं म्हणून सांगू, दिवाळीच्या नव्या साडीनेसुद्धा कधी वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत तिच्या टोपातली उसळ निम्मीही उतरली नव्हती.

मग ती आली. यावंच लागतं, जावेचं दारही चुकवता येत नाही. पाटावर बसली. मी सगळं वाढलं, रायतं सर्वांत शेवटी. ती सगळं जेवली. पान असं पुसलं की धुवायची गरज नव्हती.

"आमचे हे तुझ्याकडसून जेवन इले," ती मान खाली घालूनच म्हणाली. "माझ्या पोह्यांक हात लावूक नाय. तुझ्या रायत्याचाच बोलत बसले. माका शिकव गो."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं ते पहिलंच.

"बघूया, वयनी," मी म्हटलं.

आता दर वर्षी आंबाडे धरले की ती टोपलीभर माझ्या दारात आणून ठेवते आणि घुटमळते. दर चावदिसाला मी तिच्याकडे वाटीभर रायतं पाठवते, एकच वाटी, भाऊजींना पुरेल एवढं. ती दर वर्षी विचारते. मी दर वर्षी म्हणते, बघूया.