पुठ्ठा ड्राहाकडं होता

“हात लावू नगंस त्या डबड्याला, ब्लाझेना. आदी हात वर कर.”

“मी कांदा चिरतीया. डबड्याला कोन हात लावतंय?”

“मग ह्यातली वही कुनी बदलली?”

“कंची वही?”

“बिअरची. सोमवारी ड्राहाकडं बसून पक्की केलेली. हितं मागल्या सालचं पान दिसतंय, आन तिकडं धुण्याच्या खोलीतबी त्येच.”

ब्लाझेनानं सुरी खाली ठेवली नाही. “चाळीस वरसं झाली लग्नाला. तुज्या बिअरला मी कवा हात लावलाय त्ये सांग. मग माज्यावर डाफर.”

व्हेंडेलीन ह्रुबेश, सगळ्यांचा व्हेंडा, पडद्यावरचं पान खालीवर करत राहिला. वीटभट्टीच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्रेनवर बसलेला गडी. टनभर वजन माणसांच्या डोक्यावरनं नेलं, पण कुणाच्या टोपीला धक्का लागला नाही. आणि आज स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरपुढं तो दोन्ही हातांनी टेबल धरून उभा होता.

कारण साधं होतं. अंगणापलीकडच्या धुण्याच्या खोलीत, जिथं त्याची आई चादरी उकळायची, तिथं मोठ्या हंड्यात दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात भिजलं होतं. त्यातला तिसरा हिस्सा काढून वेगळ्या पातेल्यात उकळीला लावला होता. त्यांच्या मुलखात बिअर अशीच करतात; घट्ट भाग वेगळा उकळायचा, परत हंड्यात ओतायचा, मग पुन्हा एकदा तसंच. भिजलेलं माल्ट माघारी पिंपात जात नाही. आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या पथकाचा शंभरावा वाढदिवस. बिअर तळघरात गारठ्याला सात आठवडे पडून राहिली पाहिजे. बोटं मोजली तर आजचा दिवस शेवटचा.

बंबवाल्यांच्या गेल्या सणाला त्याची कडू बिअर लोकांनी बाकाखाली ओतली होती. तोंडावर कोणी बोललं नाही, हे जास्त लागलं. सकाळी बाकं उचलली तेव्हा गवत पिवळं पडलेलं होतं. यंदा ड्राहानं, त्याच्या चुलतबहिणीनं, बंबवाल्यांपुढं शब्द टाकला म्हणून पुन्हा संधी मिळाली. साऱ्या हिवाळ्यात दोघांनी पाच वेळा छोटे छोटे घाणे केले, चाखले, ओतून दिले. बिअरला कडवटपणा देणारी हॉपची फुलं नव्या पोत्यातली, जास्त कडू. त्यांची वजनं, कुठल्या मिनिटाला किती टाकायची, विहिरीच्या पाण्यात चुना किती, सगळं वहीत चढवलं. वही म्हणजे कॉम्प्युटरातली. कागदाची होती ती मागं हंड्यात पडून शिजली.

ही एक वही तीन यंत्रांवर दिसायची. एक स्वयंपाकघरात, एक धुण्याच्या खोलीत, एक ड्राहाकडं गावाच्या वरच्या टोकाला. तारेतनं, कुठल्याशा लांबच्या यंत्रामार्फत, तिन्ही एकमेकांशी बोलायची, आणि ज्यानं शेवटी लिहिलं त्याचं खरं धरून बाकीची दोन आपलं पुसायची. जुनं पान जपून ठेवायची सोय होती म्हणे, ती ड्राहाच्या भाच्यानं बसवायची राहिली होती. म्हणून ड्राहानं नियम केला. ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठा, एकच, दोरी ओवलेला. ज्याच्या यंत्राला पुठ्ठा टांगलेला, त्यानंच वही उघडायची. ती टपाल वाटते, त्यामुळं पुठ्ठाही तिच्या पिशवीतनं इकडून तिकडं जायचा.

पुठ्ठा सोमवारपास्नं ड्राहाकडं होता.

हे आठवलं, आणि त्यापाठोपाठ व्हेंडाला सकाळचंही आठवलं. सकाळी त्यानं धुण्याच्या खोलीतलं यंत्र जागं केलं. त्यात वही उघडीच होती, गेल्या शरदापास्नं. तेव्हा हात चिकट होते म्हणून त्यानं नुसतं झाकण पाडलं होतं. आज ती बंद करताना यंत्रानं विचारलं, जतन करू का? कोण कशाला नाही म्हणेल? तो हो म्हणाला. गेल्या सालचं कडू पान आजची तारीख लावून तीन यंत्रांना निघालं; आता इथली दोन बंद करून ते थांबणार नव्हतं.

तीन नाही. दोन. ड्राहाचं यंत्र काल रात्री बंद झालं ते अजून बंद होतं. त्याच्या पोटात चांगली वही होती. आणि ड्राहा घरात शिरली की स्कार्फ काढायच्या आधी यंत्र चालू करते. ते जुनं, उठायला पाच मिनिटं घेतं, तोवर ती चपला बदलते.

“ड्राहाची घरी यायची बस किती वाजता?” त्यानं विचारलं.

“बारा वाजायला वीस कमी. घड्याळ बघ की.”

घड्याळात अकरा सत्तावीस झाले होते. त्यानं फोन लावला. ड्राहाचा फोन टपालाच्या कचेरीत कपाटात बंद असतो, हे त्याला माहीत होतं, तरी लावला. तिच्या शेजारचा म्हातारा बहिरा. ब्लाझेनाचा गुडघा चढावर जात नाही.

“ब्लाझेना, पातेलं हलवशील?”

“मी?”

“तळाला लागू द्यायचं न्हाई. लाकडी फळी घे, तळ खरवडत ऱ्हा. लागलं तर सगळ्या बिअरला धूर लागतो.”

“त्या खोलीत पाऊल टाकनार न्हाई म्हनून शपथ घेतलीया मी. साक्षीला तूच हुतास.”

“शपथ फिरव.”

ती उठली. “कांदा तुज्या बानं चिरायचा?”

तो सायकलवर बसलाही होता.

चढ लागतो तो चर्चपास्नं. तिथंच साखळी उतरली. उतरून, हात काळे करून, ती चढवेपर्यंत मागनं बसचा आवाज आला. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, पण ड्रायव्हरनं भोंगा वाजवून बस बाजूनं काढली. खिडकीत ड्राहा होती, मांडीवर पिशवी. व्हेंडानं दोन्ही हात हलवले. आडवे, उभे, नको नको म्हणून. तिनंही आतनं हात हलवला, हसली, आणि बस वळणाआड गेली.

त्यानं मग सायकल ढकलली, चालवली, पुन्हा ढकलली. छातीत भाता चालला होता. ड्राहाच्या फाटकाशी पोचला तेव्हा दार आतनं लावलेलं. घंटी दाबली. आत रेडिओ ठणाणा करत होता. तो कुंपणावरनं वाकला. खिडकीतनं दिसलं: ड्राहा पाठमोरी, पायात घरच्या चपला, आणि तिच्यापुढं यंत्राचा पडदा निळा झालेला.

हाका मारायला दम नव्हता. पण एकतीस वर्षांची खोड अंगात होती. क्रेनवर काही कळेना झालं की विचार नंतर करायचा, वीज आधी तोडायची. फाटकाशेजारी भिंतीत मीटरची पेटी. जुडग्यात तिकोनी किल्ली अजून होती, कारखान्याची. पेटी उघडली, मोठा खटका खाली ओढला.

रेडिओ मेला. मग दार उघडलं.

“कोन हाय रं त्यो भडवा?” ड्राहा हातात खोरं घेऊन आली. “व्हेंडा? तू माजी वीज तोडलीस?”

“यंत्र,” तो म्हणाला. “यंत्र चालू हाय का?”

“हाय की. त्येला बॅटरी हाय. पर वीज—”

“तारंची पेटी? ती भिंतीवरली, लुकलुकणारी?”

“ती बिनविजेची काय लुकलुकंल? काय झालंय तुला? पाणी पी.”

तो तिला ढकलून आत गेला. लुकलुकणारी पेटी काळी पडली होती. तिची तार उपटून त्यानं खिशात घातली, मगच भिंतीला टेकला. दम खात, तुकड्यातुकड्यांनी, झालेलं सांगितलं. ड्राहा ऐकत होती. यंत्राच्या कानाला दोरीनं पुठ्ठा लटकत होता, तो तिनं बोटानं झुलवला.

“पुठ्ठा माज्याकडं. आन वही उघडी तुज्याकडं.”

“व्हय.”

“शरदापास्नं.”

“व्हय म्हनलं की.”

“मला वाटलं तू रस्त्यात नाचतुयास. म्हनलं, बिअर जमली वाटतं.”

“तू वही उघडलीस का न्हाई अजून?”

“न्हाई. पर यंत्र उठून दोन मिंटं झाल्ती. तेवढ्यात आलं असंल तर आलं.”

ती खुर्चीवर बसली. बॅटरी जुनी, कोपऱ्यात सहा टक्के दिसत होते. वीज लावायला पाठवावं तर व्हेंडा हलेना. वही उघडताना वाळूचं घड्याळ फिरत राहिलं, फिरत राहिलं. दोघंही त्या वाळूकडं बघत होती. मग पान आलं. वर तारीख होती, सोमवारची.

व्हेंडानं तोंडावरनं हात फिरवला. साखळीचं काळं सगळं गालाला.

“कागद,” तो म्हणाला.

ड्राहानं कागद शोधला नाही. पुठ्ठा काढला, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायला घेतलं. व्हेंडा वाचत होता, ती लिहीत होती. पहिली फुलं अडुसष्ट ग्रॅम. दुसरी तीस, अर्ध्या तासानं. तिसरी वीस, विस्तव बंद केल्यावर. चुना अर्धा चमचा. गेल्या सालच्या पानावर पहिली फुलं एकशे दहा होती.

“पुन्हा वाच,” ड्राहा म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं. दोन टक्के उरले होते.

“आता जा. मी हे तारंबिगर असंच ठिवते. आन भाचा आला की जुनी पानं जपायची सोय आधी, जेवन मागनं.” तिनं पुठ्ठा त्याच्या गळ्यात घातला. “ह्यो काढायचा न्हाई. वीज लावून जा, मुडद्या, माजं दूध नासंल.”

उतारावर सायकल आपोआप पळाली. धुण्याच्या खोलीचं दार उघडं होतं, वाफ बाहेर येत होती. पातेलं रिकामं, पालथं, धुतलेलं. व्हेंडानं सायकल तशीच सोडून दिली.

“कुटं गेलं?”

“हंड्यात ओतलं. दाट झालं, बुडबुडं जड यायला लागलं, तवा ओतलं.”

“मी सांगितलं न्हवतं ओतायला.”

“तू काय बी सांगितलं न्हवतंस. हलव म्हनलास आन पळालास.”

त्यानं हंड्यात तापमापक धरला. काटा हवा तिथंच होता, फार तर एका अंशानं वर. पातेल्याचा तळ त्यानं बोटानं पुसून बघितला, बोट नाकाला लावलं.

“वास घेतोयास माज्या हातचा?” ब्लाझेना म्हणाली. “दरसाल आलुबुखारचा मुरंबा अकरा तास हलवती मी. त्यो कवा करपलाय का?”

“ब्लाझेना, वहीत चूक माजीच हुती. तू हात लावला न्हवतास.”

“म्हाईत हाय. पळालास तवाच कळलं.” तिनं त्याच्या गळ्यातल्या पुठ्ठ्याकडं बघितलं. “म्हशीला बिल्ला मारल्यागत दिसतुयास.”

ती कांद्याकडं गेली. व्हेंडानं पुठ्ठा हंड्याच्या वर खिळ्याला टांगला, हात दोनदा साबणानं धुतले, आणि दुसऱ्या उकळीसाठी घट्ट भाग पातेल्यात काढायला लागला. अकरा पळ्या झाल्यावर तो थांबला, तराजू पुसून कोरडा केला आणि पुठ्ठ्यावरची वजनं पुन्हा वाचून फुलांचं पोतं जवळ ओढून ठेवलं.