भवानीच्या वेळचा फोटो

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधल्या पोरांना लोकांच्या नकळत फोटो काढायचे असतात, आणि त्यासाठी ती काळे टी-शर्ट, खिसेच खिसे असलेली जाकिटं आणि हातभर लांब लेन्स घेऊन बाहेर पडतात. खोपटच्या एसटी डेपोत ही वरात शिरली की कंडक्टरसुद्धा केसांवरून हात फिरवून घेतात. मी मात्र सुती ड्रेस, ओढणी आणि कोथिंबीर डोकावणारी कापडी पिशवी अशा थाटात त्याच डेपोत कितीही वेळ फिरले तरी मला कोणी हटकत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईकडे जगाचं लक्ष जात नाही, हे मला पूर्वी फार लागायचं. हातात कॅमेरा आला आणि म्हटलं, अरे वा, ही तर लॉटरी लागली!

आम्हाला शिकवणारे सर माझ्या मुलापेक्षा थोडेच मोठे. डोंबिवलीत ग्रुपचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा त्यांनी माझे फोटो पाहिले आणि खाली ठेवले. "काकू, माणसं छान टिपलीत, पण सगळी पाठमोरी. तुम्ही लांबून लपून काढता. जवळ जा. समोरून चेहरा आणा, आणि त्या माणसाला कळता कामा नये. तसा एक फोटो आणलात तर भिंतीवर जागा तुमची."

पोरं हसली नाहीत, पण त्यांनी एकमेकांकडे बघितलं ते मला दिसलं. माझं डोकं फिरायला तेवढं पुरतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, आणीन तर अशा माणसाचा फोटो, ज्याच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही.

असं माणूस माझ्या माहितीत होतं. खाडीजवळच्या कोळीवाड्याच्या बाजारात एक मासेवाली बसते. समोरून येणारी बाई मासे घेणार की नुसते कल्ले उचकून भाव विचारणार, हे ती बाईच्या चालीवरून ओळखते. मांजर मागून आलं तरी तिला कळतं. तिचा फोटो तिच्या नकळत, तोही समोरून, काढायचा असं मी मनाशी पक्कं केलं.

रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत पोहोचले. जेवढी माणसं कमी, तेवढं सोपं, असा माझा हिशेब. ती पाटावर मांदेलीचे वाटे मांडत होती. मी पुढ्यात उभी राहिले, ओढणीआडून कॅमेरा काढला, बटण दाबलं आणि वळले.

"ए बाय! भवानी झाली नाय आमची अजून! तोंडासमोर उबी ऱ्हायलीस, फोटो काढलास, आनि रिकामे हातानं चाललीस? जल्ला तुजा फोटो!"

अख्खा बाजार माझ्याकडे बघायला लागला. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलंच गिऱ्हाईक समोर येऊन काही न घेता गेलं तर दिवस फुकट गेला असं धरतात. भाजीवाल्यांशी घासाघीस करण्यात जन्म गेलेल्या मला हे काय माहीत नव्हतं? पण कॅमेरा हातात आला की माझं बाकीचं डोकं बंद पडतं. मी निमूट एक वाटा घेतला आणि पैसे द्यायला फोन पुढे केला.

"भवानीला मोबाईल नाय चालत. नोट दे."

मी नोट दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावली, मग टोपलीला टेकवली. कपाळाला लावताना तिचे डोळे मिटले. सतत जागे असलेले ते डोळे मिटल्यावर चेहरा इतका शांत झाला की मी बघतच राहिले. कॅमेरा पिशवीत आणि माझ्या हातात मांदेली! घरी येऊन फोटो बघितला तर त्यात ती थेट माझ्याकडे बघत, तोंड उघडून ओरडत होती. मला इतका संताप आला स्वतःचा की मांदेली करपवली.

पुढच्या रविवारी गेले तर ती लांबूनच हात करत होती. माझ्या भवानीने म्हणे दुपारच्या आत टोपली रिकामी झाली होती. झालं! आता पहिली विक्री मलाच. ती माझी वाटच बघायला लागली, आणि जिची कोणी वाट बघतं ती बाई नकळत फोटो कसला काढणार? बरं, कॅमेरा तिने पाहिलेलाच. मी आले की पदर सारखा करायची, मान ताठ करायची आणि म्हणायची, "काड." सगळे फोटो आधार कार्डावर लावण्याच्या लायकीचे. मी मुकाट्याने काढत गेले. घरात नवरा म्हणाला, "कला वगैरे ठीक आहे, पण आता बोंबील तरी आण."

हळूहळू तिला माझा कंटाळा आला. हीच गोष्ट मला आधी कळायला हवी होती! ती "काड" म्हणेनाशी झाली. मी पुढ्यात जाऊन उभी राहायचे, ती न बघताच वाटा पिशवीत टाकायची आणि नोटेसाठी हात पुढे करायची. मी आता तिच्या कोयत्यासारखी रोजची वस्तू झाले होते. मग कॅमेरा ओढणीखाली पोटाशी बांधला, आवाज बंद केला, हातभर अंतरावर नेम लावून ठेवला. उजव्या हाताने नोट आणि डाव्याने बटण. सुरुवातीला नुसती ओढणीच यायची, नाहीतर बोंबलांची पोटं.

एका रविवारी ती शेजारणीशी जागेवरून कडाकडा भांडत होती. शेजारणीची टोपली हिच्या हद्दीत आली होती. मी नोट पुढे केली. तिने भांडता भांडता ती घेतली, आणि वाक्य अर्धं तोंडात असताना गप्प झाली. शेजारीणसुद्धा गप्प झाली. भवानीच्या मध्ये कोण बोलणार? नोट कपाळाला गेली, डोळे मिटले, मी ओढणी सरकवून बटण दाबलं. नोट टोपलीला टेकली आणि भांडण त्याच शब्दापासून पुन्हा सुरू झालं.

टेंभी नाक्यापर्यंत मी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. धीरच होईना. तिथे एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघितलं, आणि ओरडले. शिट्टी येत नाही म्हणून, नाहीतर तीही मारली असती. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात कपाळाला लावलेली नोट, मागे शेजारणीचं उघडं राहिलेलं तोंड, आणि मध्ये तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा, लख्ख! रस्त्यावरचे लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. बघू दे, म्हटलं. आज सगळ्यांनी बघा.

सरांना मात्र लगेच दाखवला नाही. चेहरा तिचा, तर भिंतीवर लावायचा की नाही हे तीच सांगणार. ती नाही म्हणाली असती तर माझी जागा गेली असती, आणि दुसरा तसा फोटो मला जन्मात मिळाला नसता. पुढच्या रविवारी नोट दिली, भवानी होऊ दिली आणि मग पिशवीतून छापलेला फोटो काढला.

तिने हात पदराला पुसले. फोटो लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो माजा तोंड?" ती म्हणाली. "आरशान् कंदी दिसला नाय गो मना."

"कसा दिसणार, मावशी? डोळे मिटलेत तुमचे."

ती पुन्हा बघत राहिली. मग एकदम मान वर करून माझ्यावर नजर रोखली.

"आनि तू कुटं होतीस तवा? मना कललाच नाय!"

"तुमच्यासमोर. ती नोट माझीच आहे."

तिने नोट बघितली, मला बघितलं, आणि मांडीवर थाप मारून अशी हसली की पलीकडच्या रांगेतल्या बायका उठून आल्या. जिच्याशी भांडण झालं होतं त्या शेजारणीच्या हातात तिने फोटो दिला. हा फोटो डोंबिवलीच्या प्रदर्शनात भिंतीवर लावू का, असं मी विचारलं, तेव्हा ती पुढच्या गिऱ्हाइकाचे बोंबील साफ करायला लागली होती.

"लाव ना," मान वर न करता ती म्हणाली. "पन मोटा लाव. दारातून दिसला पायजे."