टाचा टेकू द्यायच्या नाहीत

डोळा लागू द्यायचा नाही, असं सरोजिनी स्वतःला बजावते, आणि बजावता बजावताच खुर्चीत तिची मान कलते. दुपारची वेळ आहे. मिशन कंपाउंडात चिटपाखरू नाही. खाटेवर शमुवेल मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेत. लकव्यानं नवऱ्याचं अर्धं अंग नेलं, बोलणंही नेलं, आणि तेव्हापासून सरोजिनीच त्यांचे हात नि तीच पाय. आता त्यांची कूस बदलायला हवी. कमरेवरची जखम चिघळत चाललीय. डॉक्टर म्हणाले, ही अशीच वाढली तर आवरायची नाही. हे ऐकून माणसानं घाबरायला पाहिजे. सरोजिनीला काहीच वाटलं नाही, तिनं फक्त मान हलवली. आताही ती म्हणतेय, उठते, उठते. कुठलं उठणं, बाई. पाय तिचे राहिलेलेच नाहीत.

खाटेच्या पायथ्याशी दीना सिस्टर बसल्या आहेत. पांढरी साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, मांडीवर ती जुनी पिशवी. उन्हाळ्याच्या तोंडावर चर्चच्या मंडळीनं त्यांना मातीत ठेवलं, सरोजिनीनंही मूठभर माती टाकली होती. हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी तोंडातून सवयीचंच निघतं.

"चहा ठेवते हं, सिस्टर."

"ठेवलास तर ही चालले मी."

हा सिस्टरांचा जुना नियम. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात राबल्या, निवृत्त झाल्यावर मंडळीतल्या आजाऱ्यांची घरं त्यांनी आपणहून वाटून घेतली, आणि पहिल्या दिवशीच सगळ्यांना दम भरला: आजाऱ्याच्या घरचा चहा प्यायचा नाही. त्या घरातली बाई आधीच मेलेली असते, तिला आणखी कपबशा विसळायला लावू नका. असं तोंडावर बोलायच्या. पाळकबाईंनासुद्धा सोडलं नाही.

सिस्टर पिशवीतून बीपीचा पट्टा काढतात. "हात कर."

"आधी यांचं बघा ना."

"ते कुठे पळून चाललेत? हात कर म्हटलं ना."

हीही त्यांचीच रीत. घरात पाऊल टाकलं की पहिला पट्टा सांभाळणारीच्या दंडाला, मग आजाऱ्याच्या. पहिल्यांदा त्यांनी असं केलं तेव्हा सरोजिनीला लाजल्यासारखं झालं होतं. आता पट्टा फुगतो, दंड आवळला जातो, आणि तिला ते कळतच नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी दंडाला बांधलाय जणू.

"काही लागतंय का?" सिस्टर विचारतात.

"नाही."

"बराय. म्हणजे फारच थकलीस."

खोलीचं छत उंच होत गेलंय. हे तर चर्च आहे. सरोजिनीला त्याचं नवल वाटत नाही. बाकं मात्र नाहीत. बाकांच्या जागी खाटाच खाटा, दोन्ही बाजूंना, थेट वेदीपर्यंत. खाटांवर मंडळीतल्या बायका गाढ झोपल्यात, कुणाचं तोंड उघडं, कुणाचा पदर खाली लोळतोय. दोन-चार बाप्येही आहेत. आणि ज्यांची त्या सेवा करतात ते म्हातारे, ती लुळी-पांगळी माणसं उशाशी स्टुलांवर ताठ बसून माशा वारताहेत. सरोजिनी वाकून बघते. निजलेल्यांच्या अंगावर धुतलेल्या चादरी आहेत, त्यांना फिनेलचा वास येतोय.

"मला एक सांगायचंय," ती म्हणते.

"सांग की."

"कधी कधी मी यांच्या श्वासाकडे बघत बसते. आणि वाटतं, आता थांबला तर बरं. प्रार्थनेलासुद्धा तोंडात हेच येतं. मग मी प्रार्थनाच सोडून दिली."

सिस्टरांच्या कपाळावर आठीसुद्धा येत नाही. त्या खाटांमधून चालत जातात, कुणाची चादर सारखी करतात.

"ही काय म्हणाली होती मला, ठाऊक आहे? हेच. आणि ती पलीकडची? तीही हेच. तो बाप्या तर दाराआड उभा राहून बोलला, माझ्याकडे बघवेना त्याला. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच काय ते पापी."

"मग तुम्ही काय म्हणायचात त्यांना?"

"म्हणायचे, जा, झोप. मी बसते."

सरोजिनीला रडू यायला हवं. तिला ते कळतं, पण येत नाही. सिस्टरांच्या मातीलाही आलं नव्हतं, आणि बायका आपापसांत कुजबुजल्या होत्या की बघा, सिस्टरांनी केवढं केलं हिच्यासाठी.

"तुम्ही गेलात," ती म्हणते. "आता कुणी बसायचं?"

"मी गेले. हात काय माझ्याबरोबर नेले सगळ्यांचे? पाळकसाहेबांना टेबलावर आडवं पाडलं, इकडून तिकडे वळवलं, तिकडून इकडे, तेव्हा कुठे मंडळीतल्या बायकांना कूस बदलायची कशी ते कळलं. बिचाऱ्यांचा चष्मा वाकला त्यात. ते कशाला केलं मी, सरू? माझी करमणूक म्हणून?"

आता मात्र सरोजिनीला राग येतो. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी येतं.

"आल्या होत्या त्या! तुम्हाला मातीत ठेवलं त्याच आठवड्यात अख्खी मंडळी घरप्रार्थनेला आली. गीतांवर गीतं झाली. आमच्या भगिनीला सहनशीलता दे, म्हणून डोळे पुसले. आणि मी आत चहा करतेय, एकदा दिला, उशिरा येणाऱ्यांसाठी परत टाकला. हे तेवढा वेळ एकाच कुशीवर. कुणी बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी वळवलं तर कातडं सोललेलं होतं."

"चुकलं त्यांचं," सिस्टर म्हणतात. "चांगलंच चुकलं. मी मेले तर रडायचं कुठे, हे कळेना त्यांना. तुझ्या घरी येऊन रडल्या."

"त्यांचं रडणं झालं. जखम यांना झाली."

"झाली. आणि कडी कुणी घातली?"

कडी सरोजिनीनंच घातली होती. पाळकबाई येऊन गेल्या, शिलाईकाम करणारी शलोमी तर कितीदा येऊन गेली, आणि हिनं दरवेळी आतूनच सांगितलं, हे झोपलेत, नंतर या. मास्तर टक्क जागे असायचे.

दोघी आता दवाखान्याच्या कपड्यांच्या खोलीत आहेत. फळ्यांवर चादरी थेट छतापर्यंत गेल्यात आणि वरच्या चादरींवर कबुतरं बसलीत. सिस्टर एक टॉवेल काढून तिच्या हातात देतात.

"गुंडाळ. घट्ट."

सरोजिनी गुंडाळते.

"हा कुठे घालायचा?" सिस्टर परीक्षा घेतल्यासारखं विचारतात.

"पोटऱ्यांखाली."

"कशाला?"

"टाचा टेकू द्यायच्या नाहीत. टेकल्या की तिथेही जखम होते."

"करतेस का रोज?"

"नाही," ती म्हणते. "आता नाही होत माझ्याच्यानं. सिस्टर, मला नाही जमत एकटीला."

हे वाक्य तिनं अजून कुणापाशी बोललेलं नव्हतं.

"मग हे तिला सांग," सिस्टर म्हणतात.

"कुणाला?"

दार वाजतंय. खोलीचं दार नव्हे, घराचंच, तिच्या स्वतःच्या घराचं, हलकेच. सरोजिनी चालत जाते. चादरींमधून वाट काढते, खाटांमधून वाट काढते. कडी हाताला गार लागते. ती कडी काढते. उंबऱ्याबाहेर ऊन आहे आणि उन्हात दीना सिस्टरच उभ्या आहेत.

"या सिस्टर, आत या," ती म्हणते. "मला नाही जमत."

"पडा तुम्ही," त्या म्हणतात. "मी बसते."

आणि ती अंग टाकते.

जाग येते तेव्हा ऊन खिडकीतून निघून भिंतीवर चढलंय. सरोजिनी चटईवर आहे, खुर्चीत नाही. डोक्याखाली उशी आहे. कूस! किती वेळ झाला? ती धडपडत उठते आणि उभी राहते ती तशीच.

मास्तर तिच्याकडे बघताहेत. दुपारी त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, आता खोलीकडे आहे. पाठीशी उशी खोचलेली, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडीची चादर. आणि पोटऱ्यांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी. टाचा अधांतरी आहेत.

ती वाकून एका टाचेला हात लावते. टाच ऊबदार आहे, कोरडी आहे. ती ऊब तिच्या तळहाताला लागते. लागतंय हे तिला कळतं.

स्वयंपाकघराच्या दारात शलोमी उभी आहे, पदर खोचलेला, हात ओले.

"उठलात? अहो, पडायचं की अजून."

"तू आत कशी आलीस?"

"तुम्हीच तर कडी काढलीत. मला वाटलं, आजही नंतर ये म्हणाल. तर म्हणालात, या सिस्टर, आत या. डोळे उघडे होते तुमचे, पण झोपेतच होतात. मग सरळ जाऊन चटईवर पडलात." शलोमी जरा घुटमळते. "मी सिस्टर नाही, हे काही मी सांगितलं नाही. चुकलं का?"

"टॉवेल?"

"त्यांनीच शिकवलेला. टेबलावर पाळकसाहेब होते तेव्हा पाय माझ्याकडे आले होते." ती थोडं हसते, मग हसू मावळतं. "त्या दिवशी प्रार्थनेला आलो तेव्हा पण आठवायला पाहिजे होतं. सगळं येत असून हात जोडून बसलो. जखम बघितली मी आत्ता. बाई, लाज वाटली हो."

सरोजिनी स्वयंपाकघरात जाते, सवयीनं पातेलं खाली काढते, पाणी घालते. शलोमी मागून येऊन पातेलं तिच्या हातातून काढून घेते, पाणी ओतून टाकते आणि ते पालथं घालते.

"आजाऱ्याच्या घरचा चहा प्यायचा नाही. नियम आहे."

"हो," सरोजिनी म्हणते. "आहे खरा."

शलोमी चपला घालते. "येते मग. शिवायचं पडलंय."

"शलोमी."

"काय हो?"

सरोजिनीला शब्द पुढे ढकलायला वेळ लागतो.

"मला नाही जमत एकटीला. उद्या येशील?"

"येते की. याच वेळी येते."

शलोमी जाते. सरोजिनी दार लोटते. हात आपोआप कडीकडे जातो आणि तिथेच थांबतो. आतून मास्तर घशातून आवाज काढतात, हाक मारल्यासारखा.

"आले," ती म्हणते, आणि कडी तशीच सोडून आत जाते.